इंद्रजित पोवाराचा अर्धा सामना

विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला, वाणीला वळण देणाऱ्या शारदेला, आणि कटीवर कर ठेवून भक्तांची वाट पाहण्याचा ज्याला युगानुयुगे कंटाळा आला नाही त्या सावळ्या परब्रह्माला नमस्कार असो. श्रोतेहो, चित्त द्यावे.

देवकरंज गावी बारा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल सामन्यात उडवलेला चेंडू एकोणीस वर्षे झाली तरी खाली आलेला नाही, आणि त्यामुळे तो सामना अद्याप चालू आहे.

हे घडले मार्गशीर्षातल्या एका रविवारी, दुपारी चार वाजून सदतीस मिनिटांनी. वरच्या आळीकडून खेळणाऱ्या वैजयंता लोहार या अकरा वर्षांच्या मुलीने चेंडू पायाशी घेतला, मान वर केली आणि तो उडवला. चेंडू चिंचेच्या शेंड्यावर गेला, देवळाच्या कळसावर गेला, घिरट्या घालणाऱ्या घारीच्याही वर गेला. मुले माना उंचावून उभी राहिली. पंच केरबा सुतार शिटी ओठांपाशी धरून उभे राहिले. पाच मिनिटे गेली, मग दहा गेली. अंधारून येऊ लागले तेव्हा केरबांनी वहीत लिहिले, "चेंडू वर आहे," आणि मुलांना घरी जेवायला जाण्याची परवानगी दिली.

आता या सामन्याचे नियम कुणी आणि कसे घातले, ते ऐकावे. देवकरंजला फुटबॉल ठाऊक नव्हता. गावाला दोनच गोष्टी रीतसर येत होत्या, तालमीतली कुस्ती आणि देवळातला अखंड हरिनाम सप्ताह. बदलून आलेल्या एका मास्तरांनी मुलांच्या हौसेखातर रविवारचे सामने सुरू करायचे म्हटले, तेव्हा नियम करण्याचे काम साहजिकच सप्ताहाच्या मंडळाकडे आले. गावात नियम पाळण्याचा सराव त्यांनाच होता. मंडळाने आपल्याला जे येत होते त्यावरून जे येत नव्हते ते रचले. सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस खाली ठेवत नाहीत, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तसा सामना एकदा मांडला की चेंडू स्वस्थ होईपर्यंत मोडायचा नाही, असा सहावा नियम झाला. सप्ताहाच्या पंगतीतून कुणी उपाशी उठत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला, त्याला खेळता येवो न येवो, किमान अर्धा सामना मिळालाच पाहिजे, असा चौथा झाला. कुणाला केव्हा उतरवायचे हे पंचाने ठरवावे, कारण पंगतीत वाढपीच ठरवतो. हरिनामात जिंकणे-हरणे नाही, तेव्हा गोल मोजायचे नाहीत आणि दोन्ही संघांना सारखाच सुंठवडा द्यायचा. कीर्तन चालू असता श्रोते बुवांना सूचना करत नाहीत, तेव्हा पालकांनी रेषेबाहेर बसावे, हजर राहावे आणि फक्त टाळ्या वाजवाव्यात. आणि संकल्प सोडताना उच्चारलेले वय सांगतेपर्यंत चालते, या न्यायाने सामना मांडताना मुलाचे जे वय असेल तेच सामना उठेपर्यंत धरावे, हा अकरावा नियम झाला.

एकच नियम बाहेरून आला. बदली खेळाडू मैदानात कधी घ्यावा, हे मंडळाला सुचेना. तेव्हा मास्तर म्हणाले, "चेंडू मैदानाबाहेर गेला, खेळ थांबला, की घ्यायचा. साऱ्या जगात असंच करतात." मंडळाने जगावर विश्वास ठेवला आणि तो नववा नियम म्हणून लिहून घेतला.

पुढचे सारे या नियमांनीच ठरत गेले. चेंडू मैदानाबाहेर गेला आहे काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघाला. केरबांचा धंदा सुतारकीचा; त्यांनी ओळंबा आणला, एक डोळा मिटला आणि चेंडू चारही रेषांच्या आतच वर आहे, असा निर्वाळा दिला. निरभ्र दिवशी तो अजूनही तिळाएवढा दिसतो. त्याच्यावर आठही प्रहर पहारा असतो. दोन-दोन तासांची पाळी, आणि पाळी संपली की वहीत एक ओळ. खेळाडू इतर दिवशी आपापल्या कामाला जातात आणि रविवारी चार ते सहा मैदानावर येऊन आपापल्या जागी उभे राहतात. त्या दोन तासांत अकराव्या नियमाने ते दहा-अकरा वर्षांचे असतात. वैजयंता आता गुरांची डॉक्टर आहे. रविवारी एखादी म्हैस अडली, तर खेळाडूला मैदान सोडता येत नसल्यामुळे म्हैसच रेषेपाशी आणावी लागते. एकदा ती पालकांच्या बाजूला बांधली गेली, तेव्हा नियमांची वही सांभाळणारे दिगंबर गुरव यांनी हरकत घेतली होती, की म्हैस कुणाचीही पालक नाही. खालच्या आळीच्या धैर्यशीलला टक्कल पडले आहे आणि त्याचे लग्नही झाले आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला बायको असू शकत नाही, म्हणून रविवारी चार ते सहा तिला शेजारीण समजावे, असा ठराव आहे. ती इतर दिवशीही शेजारणीसारखीच वागते, अशी धैर्यशीलची तक्रार आहे, पण तो विषय मंडळाच्या कक्षेबाहेरचा मानला गेला.

सर्वांत अवघड स्थिती झाली ती इंद्रजित पोवाराची. तो वरच्या आळीचा बदली खेळाडू होता, वय वर्षे नऊ. चौथ्या नियमाप्रमाणे मध्यंतरानंतर त्याची पाळी होती, आणि ती त्याला मिळाली नाही. याचे कारण केरबा अण्णांना ठाऊक होते आणि दुसऱ्या कुणाला त्यांनी ते कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी खेळ रंगला होता. मुले पाखरांच्या थव्यासारखी वळत होती, आणि इंद्रजित हा चेंडूपेक्षा स्वतःच्या पायांना अधिक अडखळणारा मुलगा होता. अण्णांच्या मनात आले, आणखी पाच मिनिटे हा रंग टिकू द्यावा. उशीर झाला तर सामना तेवढा लांबवता येईल. त्यांनी बाकावरच्या मुलाला सांगितले, "आता चेंडू बाहेर गेला की तू आत," आणि वैजयंताने चेंडू उडवला. सामना लांबला, हे खरे.

तेव्हापासून दर रविवारी इंद्रजित बूट घालून, नाड्या आवळून बाकावर बसतो. त्याची आई आक्काताई पालकांच्या बाजूला गोणपाटावर बसते, कारण पालक हजर नसेल तर खेळाडूला उतरता येत नाही, आणि चेंडू केव्हा बाहेर जाईल याचा नेम नाही. आक्काताईंनी एकोणीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवल्या. सहा वाजले की गुडघ्यावर हात टेकून त्या उठत आणि पंचासमोरून जाताना, आज ऊन बरे होते असे म्हणावे त्या सुरात विचारत:

"काय अण्णा, तुमचा शब्द अजून वरच हाय न्हवं?"

"वरच आहे, आक्का."

"आला खाली की सांगा. मी काय कुठं जात न्हाई."

यात राग नसे. राग असता तर अण्णांना तो देवासमोर ठेवता आला असता. रागाविना विचारलेल्या प्रश्नाला देव्हाऱ्यात जागा नसते. तो माणसाने स्वतःच सांभाळायचा असतो.

यंदा सप्ताहाच्या आदल्या दिवशी मंडळाचे नवे अध्यक्ष अमरसिंह चौगुले अण्णांच्या सुतारमेटावर आले. शेतीपंपांचे दुकान चालवणारा, वाकून नमस्कार करणारा, पस्तिशीतला सरळ माणूस.

"अण्णा, जरा बोलायचं हुतं."

"बस. रंधा चालू असला तरी ऐकू येतं मला."

"बत्तीस पोरं नावं घालून बसल्यात. मैदान एकच. सात पोरं तर वाट बघता बघता बारा वर्षांची होऊन बाद झाली. त्यांचं वय थांबवायला आपल्याकडं आधार न्हाई, त्यांचा सामना कधी मांडलाच न्हाई म्हणून."

"खरं आहे."

"माझी ओवी नऊ वर्षांची हाय. तिला वाटतंय फुटबॉल म्हंजे मान वर करून उभं ऱ्हायचा खेळ."

"तसा वाईट खेळ नाही तो."

"वाईट न्हाईच. पर पोरीनं पळायचं कधी?"

अण्णांनी रंधा थांबवला. अमरसिंहांनी खिशातून कागद काढून फळीवर पसरला. चेंडू समाधिस्थ झाला असे समजून सामन्याची सांगता करावी, असा तो ठराव होता. येत्या रविवारी मैदानावरच बैठक घ्यायची, आणि सांगतेला पंचाची सही लागते.

"समाधिस्थ म्हणजे स्वस्थ का रे?"

"दिगंबरतात्यांना विचारलं. ते म्हणाले, समाधीपरीस स्वस्थ काय असतंय?"

"आणि इंद्रजित?"

अमरसिंहांनी कागदाचा कोपरा सरळ केला. "त्याला मानपत्र देऊ. शाल, श्रीफळ. एकोणीस वर्षं बाकावर बसणं ही बी सेवाच हाय."

"त्याचा अर्धा सामना?"

"एका पोरासाठी बत्तीस पोरं अडवायची का अण्णा?"

"पंगतीत शेवटच्या पानावर भात पडला नाही, तर वाढपी काय म्हणतो अमर? तीनशे पानं जेवली, असं म्हणतो?"

"न्हाई म्हणत," अमरसिंह शांतपणे म्हणाले. "पर दुसरी पंगत दारात उभी हाय, अण्णा. तिच्या बी पोटात कावळे वरडाय लागल्यात."

अण्णांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि रंधा पुन्हा धरला, पण फळीवर आता सोलायला काही उरले नव्हते.

संध्याकाळच्या आधी ते इंद्रजितच्या रोपवाटिकेत गेले. इंद्रजित उसाची रोपे तयार करून विकतो. हिरव्या जाळीखाली ट्रे मांडलेले होते आणि तो झारीने पाणी घालत होता. अण्णांनी कागद पुढे केला. इंद्रजितने हात पुसून तो दोनदा वाचला.

"करा की सही, अण्णा."

"विचार करून बोल."

"केला की. बाकावर विचार करायला लई येळ असतुया." तो हसला. "पाच येळा बूट बदलले मी. पाय वाढत गेला. पाचही जोड माळ्यावर हाईत, एकाच्या बी तळाला माती न्हाई. विकायला काढले तर नवे म्हणून जातील. पर पोरं थांबल्यात तिकडं. मी कुणाची वाट अडवायला बसलो न्हवतो, मी आपला बाकावर बसलो हुतो."

अण्णांनी कागद परत घेऊन टोपीत ठेवला.

"फकस्त एक करा. मी हो म्हणलो हे आईला सांगू नगा. तिला वाटू द्या, मी भांडलो."

अण्णा घरी परतले तेव्हा त्यांना जड वाटत होते. ज्याचे देणे आहे त्याने क्षमा केली की देणारा सुटतो, असे लोक समजतात. साधुसंतांच्या संगतीत ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला ठाऊक असते, की खरे बंधन तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सप्ताह बसला. शुक्रवारी सकाळी आठ ते दहा वीणेचा पहारा अण्णांकडे होता. सभामंडपात पारायणाला बसलेल्यांची पाने उलटत होती, मधोमध अण्णा गळ्यात वीणा घालून उभे होते, आणि बोट तारेवर फिरत होते. दहा वाजता दिगंबर गुरव अंघोळ करून, बुक्का लावून पाळी घ्यायला आले. त्यांनी अण्णांच्या पायांना हात लावला, अण्णांनी त्यांच्या. दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले. मग तात्यांचे बोट तारेवर आले, त्यानंतर अण्णांचे बोट निघाले, आणि पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेला. अण्णांनी हे आयुष्यात काही हजार वेळा केले असेल. या खेपेस मात्र ते मोकळे झाल्यावर जागचे हलले नाहीत.

"तात्या, वीणा आत्ता थांबली का?"

तात्यांना वाजवता वाजवता बोलायचे होते, म्हणून ते हळू बोलले. "कशी थांबेल? काहीतरीच विचारता."

"मी तर बदललो."

"बदललात."

"आणि ती चालूच राहिली."

"अण्णा, घरी जाऊन दूध प्या," तात्या म्हणाले.

रविवारी साडेतीन वाजता मैदानावर बैठक भरली. खेळाडूंनी आपापली जागा घेतली, कारण कधी काय होईल ते सांगता येत नाही. पालक रेषेबाहेर बसले. बत्तीस मुले चिंचेखाली रांगेत उभी होती आणि त्यांत सर्वांत पुढे ओवी, वेण्या घट्ट बांधलेली. पहाऱ्यावरचे दोघे आकाशाकडे पाहत होते. अमरसिंहांनी ठराव वाचला. मग केरबा अण्णांनी शिटी गळ्यातून काढून हातात धरली आणि सांगितले, की सही करण्यापूर्वी पंच म्हणून नवव्या नियमाला एक दुरुस्ती सुचवायची आहे.

"बारा नियमांपैकी अकरा आपले आहेत," ते म्हणाले, "आणि अडलो ते उरलेल्या एकात अडलो, जो आपला नव्हता. वीणेकरी बदलताना वीणा थांबवत नाहीत. मग खेळाडू बदलताना चेंडू थांबायची वाट का पाहायची? वीणा घेतात त्या रीतीने जागा घ्यावी, आणि चेंडू आहे तिथे असू द्यावा."

सभेत कुजबुज झाली. दिगंबर तात्यांनी वही चाळली, चष्मा पुसला, पुन्हा चाळली.

"तर्काला धरून आहे," ते म्हणाले. "फक्त एक अडचण. वीणा कुणाच्या तरी गळ्यात असते. चेंडू कुणाकडे आहे? इंद्रजितनं पाळी घ्यायची ती कुणाकडून?"

"ज्याचा पाय शेवटी लागला त्याच्याकडून. दुसऱ्या कुणी हात लावेपर्यंत तो त्याचाच पहारा."

सगळ्यांच्या माना वैजयंताकडे वळल्या. ती मैदानाच्या मध्यापासून चार पावलांवर, एकोणीस वर्षांपूर्वीच्याच जागी उभी होती. तिथले गवत दोन पावलांच्या आकारात गेलेले होते.

"वीणा कुणाच्या गळ्यातून ओढून घेत नाहीत," तात्या म्हणाले. "तिची राजीखुशी पाहिजे."

अण्णा तिच्यापाशी गेले. चार वाजून गेले होते, म्हणून ते अकरा वर्षांच्या मुलीशी बोलावे तसे बोलले. "पोरी, तुझं काय म्हणणं?"

वैजयंताने तात्यांना विचारले, "रेषेबाहेर गेले की मी किती वर्षांची?"

"बदललेल्या खेळाडूचा सामना तिथंच संपतो. अकरावा नियम सुटतो. तीस."

"एकदम?"

"टप्प्याटप्प्यानं करायची तरतूद नाही."

"आणि परत आत यायचं म्हटलं तर?"

"बाराच्या आतल्यांनाच प्रवेश."

सोमवार ते शनिवार वैजयंता कोपरापर्यंत हात घालून वासरे ओढून काढते, रात्री-बेरात्री उठते, घरी आजारी वडिलांचे करते; ते सारे आठवड्याच्या त्या बाजूला होते, आणि या बाजूला हे दोन तास. धैर्यशील समोरून म्हणाला, "वैजे, नको वाटत असलं तर सांग. मी अजून धा वर्षांचाच हाय, मला काय घाई न्हाई."

"तू गप. तुला घरी शेजारीण बघायची नसती म्हणून म्हणतोयस."

मुले हसली, म्हणजे सगळे खेळाडू हसले. वैजयंताने एकदा वर पाहिले. "उडवताना वाटलं न्हवतं एवढा जाईल," ती म्हणाली. मग बाकाकडे वळली. "ये इंद्रा. घे. सांभाळून घे हं, लई वर हाय."

इंद्रजित उठला. रेषेपाशी येऊन थांबला, कारण अण्णांनी हात आडवा धरला होता. नियम तो नियम.

"पालक हजर आहे का?"

"हाय की," आक्काताई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं हजेरीच लावतीया न्हवं."

अण्णांनी हात बाजूला केला. इंद्रजितने बूट गवतावर ठेवला, मग दुसरा. तो वैजयंतापर्यंत चालत गेला, तिच्या पायांना हात लावला, तिने त्याच्या. दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले. तिने एक पाऊल उचलले, त्या जागी त्याचे आले. तिने दुसरे उचलले, तिथे दुसरे आले. मध्ये जागा रिकामी राहिली नाही, हे तात्यांनी वाकून पाहिले आणि मान हलवली. पहाऱ्यावरचे दोघे एकदमच म्हणाले, "चेंडू हलला नाही." दुरुस्ती मंजूर झाली.

वैजयंता मैदान ओलांडून रेषेबाहेर आली आणि तीस वर्षांची झाली. तिने केस कानामागे सारले, किती वाजले ते विचारले, आणि समोरच्या माणसाला म्हणाली, "परवाच्या म्हशीचं रेडकू दूध ओढतंय का?" मग कुठे बसावे हे तिला कळेना, ती खेळाडू नव्हती आणि कुणाची पालकही नव्हती. आक्काताईंनी गोणपाट झटकला आणि जागा केली.

"ये, बस हितं. लई येळ उभी हाईस."

इकडे अण्णांनी घड्याळ लावले. अर्धा सामना म्हणजे वीस मिनिटे. इंद्रजितने एकदा वर पाहिले आणि मग तो पळू लागला. चेंडू वर होता, तेव्हा खाली पळण्याचे कारण काय, असे एखादा विचारील. पण नाम घेणारा ते देव समोर आल्यावरच घ्यायला लागतो काय? तो डावीकडून गेला, धैर्यशीलला हुलकावणी दिली, परत मध्यावर आला, मोकळी जागा पाहून तिथे उभा राहिला आणि हात वर करून पास मागितला. खालच्या आळीच्या मुलांना त्याला अडवणे भाग पडले. त्यांची पोटे सुटलेली होती, दम लागत होता, तरी ती धावली. धैर्यशील दोनदा पडला. इंद्रजित अजूनही स्वतःच्या पायांना अडखळत होता. नवव्या वर्षी जसा अडखळे तसाच, फक्त आता तो पडण्यापूर्वी सावरत होता. एकोणीस वर्षांत प्रथमच पालकांनी माना खाली करून मैदानाकडे पाहिले. आक्काताईंचे हात मांडीवर तसेच राहिले. दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवण्याची सवय होती. स्वतःच्या मुलासाठी त्या वाजवायच्या असतात हे त्यांना आठवायला वेळ लागला. मग वैजयंताने त्यांचे दोन्ही हात धरून एकमेकांवर आपटले, आणि पुढचे त्या स्वतः करू लागल्या.

अठरा मिनिटे झाली. एकोणीस झाली. खेळ रंगला होता. अण्णांच्या मनात पुन्हा तेच आले, की आणखी पाच मिनिटे द्यावीत, कोण विचारतो आहे. चिंचेखाली ओवी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होती. अण्णांनी पांडुरंगाचे स्मरण केले आणि विसाव्या मिनिटाला हात वर केला.

इंद्रजितकडून पाळी घ्यायला ओवीला बोलावण्यात आले. अमरसिंह रेषेबाहेर उभे होते. पालकाने सूचना करायच्या नसतात, म्हणून त्यांनी ओठ आवळून धरले होते आणि ते फक्त टाळ्या वाजवत होते. ओवीने इंद्रजितला नमस्कार केला, त्याने तिला. आलिंगनासाठी त्याला गुडघ्यावर बसावे लागले. तिने त्याच्या पावलांच्या जागी आपली इवली पावले ठेवली आणि पंचाला विचारले, "आजोबा, मी कुठं बघायचं?"

"समोर बघ बाळ," अण्णा म्हणाले. "वर बघायला माणसं नेमलेली आहेत."

ती पळाली. तिच्यामागून त्या संध्याकाळी आणखी तिघे जण आत गेले आणि तिघे बाहेर येऊन आपापल्या वयाचे झाले. एकाला बाहेर येताच आपल्याला उद्या दात काढून घ्यायचा आहे हे आठवले. अमरसिंहांनी सांगतेचा ठराव मागे घेतला नाही. तो पुढील बैठकीवर ठेवण्यात आला, आणि प्रत्येक बैठकीत तो अगत्याने वाचून पुढील बैठकीवर ठेवण्यात येतो.

इंद्रजित रेषेबाहेर आला तेव्हा त्याला घाम आला होता आणि तो अठ्ठावीस वर्षांचा होता. केरबा अण्णा शिटी हातात घेऊन चार पावले मागे उभे राहिले. आक्काताई आपल्याला काय म्हणतील, ते ऐकण्याची त्यांची एकोणीस वर्षांची तयारी होती. आक्काताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी पदराने मुलाचे तोंड पुसले, डब्यातले लिंबू पाणी पुढे केले, आणि तो आता खेळाडू राहिलेला नसल्यामुळे त्याला सूचना करण्यास नियमाची हरकत नव्हती.

"डाव्या अंगानं जरा जास्ती पळायचं हुतंस," त्या म्हणाल्या. "अन् शेवटी ढिला पडलास."

"व्हय, आई," इंद्रजित म्हणाला, आणि त्याने पाणी प्यायले.

श्रोतेहो, हे आख्यान ज्यांच्या कानी पडेल त्यांच्या घरी कुणी बाहेर बसून राहू नये. ज्याची पाळी त्याला ती लाभावी, शेवटच्या पानापर्यंत अन्न पोचावे, वाट पाहणाऱ्या मातांचे गुडघे शाबूत राहावेत, वाढणाऱ्या हाताला विसर पडू नये, आणि लेकरांना पळायला अंगण मिळावे. ऐकणाऱ्याचे, सांगणाऱ्याचे, घराचे, गोठ्याचे आणि साऱ्या गावाचे पांडुरंग कल्याण करो.